ब्लँकेटांचं गाणं

भंगारवाला : नळी काढली, वायर काढली. आता हे धूड तेवढं उचलायचं, काकू. जरा घाई करू या, टेम्पो रस्त्यात आडवा आहे. मागचे शिव्या घालतायत.

मावशी : घालू देत. शिव्यांनी टेम्पो पंक्चर होत नाही. पुढच्या डाव्या पायाखाली पुठ्ठा आहे, तो आधी काढा. तो पाय आखूड आहे.

भाची : थांबा, कुणी काही उचलायचं नाही! मावशी, मी एवढ्या लांबून आले ती तुझ्या लाँड्रीतलं मशीन भंगारात जाताना बघायला नाही. मला तुमच्या बँडचा इतिहास हवाय.

मावशी : घे की. बँड होता, मग नव्हता.

भाची : संपला इतिहास?

मावशी : मोठमोठ्या साम्राज्यांचाही याहून लांब नसतो. मधली पानं भरतीची.

भंगारवाला : बँड म्हणजे लग्नात वाजवतात तो?

मावशी : नाही हो, लग्न मोडेल असा. रॉक. एक गिटारवाला, एक बेसवाला, गायला माझी ताई, म्हणजे हिची आई. आणि ड्रमवर मी.

भंगारवाला : तुम्ही? ड्रम?

मावशी : कपडे आपटण्यातच हयात गेली. वेगळं काय शिकायचंय त्यात?

भाची : दादा, हिच्या बोलण्यावर जाऊ नका. आईच्या सामानात यांची एकुलती एक कॅसेट निघाली. मी ती नेटवर टाकली. आता कुठकुठल्या देशांतली माणसं ती ऐकतात. मूठभरच आहेत, पण पार वेडी झालीयत. एका प्राध्यापकाने शेवटच्या गाण्याच्या तालावर तासभर व्याख्यान दिलंय. म्हणतो, हा ताल लंगडतो, तोल जातो जातो असं वाटतं आणि पडत मात्र नाही. असा ठेका धरणारा माणूस त्याने जन्मात ऐकला नाही.

मावशी : बरोबर आहे त्याचं. माणूस नव्हताच तो.

भाची : म्हणजे?

मावशी : तू पर्स कशावर ठेवलीयस?

भाची : मशीनवर. का?

मावशी : मग आदराने उचल. तो आमचा पाचवा.

भंगारवाला : हे? हे मशीन?

मावशी : तालमीला जागा कोण देणार? जाऊ तिथून हाकलून देत. शेवटी इथेच करायला लागलो, मशीन चालू असताना. याच्यापुढे आमचा आवाज कुणाला ऐकू जातोय! पण हे काही आमच्या तालात येईना. मग आम्हीच त्याच्या तालात गेलो. घरातल्या मोठ्यांशी असंच वागावं. टॉवेल टाकले की उडतं गाणं. पडदे टाकले की जरा ऐसपैस. आणि हॉटेलची ब्लँकेटं टाकली की हे आखूड पायावर लंगडायचं. ते तुझ्या प्राध्यापकाचं गाणं.

भाची : आई गं! म्हणजे तो ताल ब्लँकेटांचा आहे?

मावशी : त्याला कळवू नकोस. हाय खाईल बिचारा.

भाची : अगं, नाचेल तो! माझा स्वतःचा बँड वर्षभर हा ताल बसवतोय आणि दर वेळी तोंडावर आपटतोय. बघ, काटा आलाय अंगावर.

भंगारवाला : काकू, एवढं भारी होतं तर मग नाव का नाही झालं?

मावशी : नाव होतं. तेच नडलं. गिऱ्हाईक विचारायचं, कपडे कधी मिळतील? आम्ही म्हणायचो, उद्या संध्याकाळी. ती काही वेळ नव्हे, ते आमचं धोरण होतं. पुन्हा कधीही या, उत्तर तेच. ताई म्हणाली, हेच नाव ठेवू. मग पहिल्या कार्यक्रमाचं पोस्टर लावलं : आज सहा वाजता, ‘उद्या संध्याकाळी’.

भंगारवाला : मग?

मावशी : लोक दुसऱ्या दिवशी आले. चिक्कार गर्दी होती म्हणे. आम्ही इथे इस्त्री करत होतो.

भाची : आणि ती मोठी स्पर्धा? बाबा त्याबद्दल कधीच बोलले नाहीत.

मावशी : शहाणा माणूस. मोठं नाट्यगृह, दिवे, पडदा, सगळं होतं. मशीन तेवढं नव्हतं. ते न्यायला हवं हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वाजवायला लागलो आणि जो तो आपापल्या वेगाने धुतला गेला. परीक्षक म्हणाले, चारही गाणी चांगली आहेत, फक्त एका वेळी एक म्हणा. तिथून निघालो ते चार दिशांना. लांब्या गिटार विकून बोटीवर गेला, बेसवाल्याने चष्म्याचं दुकान काढलं. ताईचं लग्न झालं, तू झालीस. पुढचं तुला माहीत आहे.

भाची : नाही ना माहीत. इतकी लहान होते मी ती गेली तेव्हा. चेहराही फोटोतलाच आठवतो. खरे आठवतात ते फक्त हात. मी ओट्यावर चढून बसायचे आणि ती मला काखेत धरून उतरवायची, ते हात. आवाज तर या कॅसेटमध्ये पहिल्यांदा भेटला. आणि तोही मधेच तुटतो.

मावशी : तुटतो म्हणजे?

भाची : ‘खिशात कुणाच्या राहिलं तिकीट, धुतलं, पिळलं, वाळलं नीट. गावाचं नाव गेलं पुसून, तरी...’ आणि खट्ट! बास. तो प्राध्यापक म्हणतो, त्या ‘तरी’वर थांबणं हीच खरी प्रतिभा.

मावशी : कॅसेट संपली असेल.

भाची : तेच म्हणते मी. तरी काय, मावशी? पुढे काय म्हणायची आई?

मावशी : नाही गं ठाऊक.

भाची : असं कसं? तू तिच्या मागेच बसायचीस!

मावशी : म्हणूनच. ड्रमवाल्याला शब्द ऐकू येत नाहीत. मला तिची पाठ पाठ होती. लांब्याला विचार.

भाची : लांब्याकाका गेले. चष्मेवाले काका म्हणतात, मी तर तेव्हाही लक्ष दिलं नव्हतं. तूच उरलीयस.

मावशी : मी आणि हे.

भंगारवाला : काकू... नळी, वायर परत जोडू का?

मावशी : तुमचा टेम्पो आडवा आहे ना?

भंगारवाला : शिव्यांनी पंक्चर होत नाही म्हणालात.

मावशी : जोडा मग. पुठ्ठा तेवढा काढून टाका. तो वर दाताचा डॉक्टर राहायला आला तेव्हा घातला, बँडच्या वेळी नव्हता. तू काय बघत उभी राहिलीस? कोपऱ्यातली ब्लँकेटं आण. घडी नको, कोंब. आधी पाणी पिऊ दे त्याला. पिळायला लागलं की आपण.

(मशीन पाणी घेतं, घुसळतं, मग लंगडत गरगरू लागतं. मावशी दोन लाकडी हँगर घेऊन साबणाच्या रिकाम्या डब्यापाशी बसते.)

भंगारवाला : अहो, हे चालायला लागलं! जागचं निघालं!

मावशी : चालतंच ते. दुसऱ्या कडव्याला दारात पोचायचं. लांब्या वाजवता वाजवता पाय लावून धरायचा. धरा!

भाची : हाच! मावशी, हाच तो ताल! अगं, हा तर खोलीभर...

मावशी : बोलू नकोस. गा.

भाची : खिशात कुणाच्या राहिलं तिकीट, धुतलं, पिळलं, वाळलं नीट...

भंगारवाला : वर डॉक्टर पाय आपटतोय, काकू!

मावशी : तालात आपटतोय का?

भंगारवाला : हो की!

मावशी : मग आपटू दे. पुढे!

भाची : गावाचं नाव गेलं पुसून, तरी...

मावशी : तरी गाडी थांबली तिथे! आलं! अगं, हातातून आलं! तरी गाडी थांबली तिथे, तरी... तरी...

भंगारवाला : थांबू नका काकू, मी धरलंय घट्ट!

मावशी : नाही येत. इथे ती मागे वळायची. माझ्याकडे बघायची आणि मी नुसती बघत राहायचे. शब्द गेले ते गेलेच.

भाची : तरी कुणी उतरलं हसून.

मावशी : काय म्हणालीस?

भाची : तरी कुणी... उतरलं हसून. मावशी, हे मला येतंय! ओट्यावरून खाली ठेवताना म्हणायची. रोज. मला वाटायचं, माझ्यासाठीच केलेलं काहीतरी आहे.

मावशी : तसंच असेल. म्हण, मशीन थांबायच्या आत म्हण पुन्हा!

भाची : गावाचं नाव गेलं पुसून... तरी गाडी थांबली तिथे... तरी कुणी उतरलं हसून.

भंगारवाला : थांबलं.

मावशी : इथेच थांबायचं. नेहमी.

भंगारवाला : इतकी मशीनं फोडली मी आजवर. एकाचंही ऐकून घेतलं नाही आधी.

भाची : मावशी, तुझे डोळे...

मावशी : पावडर गेली. साबणाचा धंदा आहे, जायचीच.

भंगारवाला : वर डॉक्टर अजून आपटतोय. पुन्हा म्हणा म्हणत असेल. बरं मॅडम, मी टेम्पो काढतो. हे न्यायला कधी येऊ मग?

भाची : उद्या संध्याकाळी.