साहित्य, प्रमाण, कृती

दातांच्या दवाखान्यात टीव्हीवर एक शेफ केक करत होता. माझ्या शेजारी साठी ओलांडलेल्या दोघी बहिणी बसल्या होत्या.

“ताई, किती सावकाश सांगतोय गं हा! आपल्या वेळच्या त्या बाई कशा भराभर बोलायच्या.”

“म्हणून तर आईनं कामं वाटून दिली होती. मी साहित्य लिहायचं, तू प्रमाण.”

“आणि बाबा गच्चीवर अँटेना धरून. ‘दिसतंय का?’ म्हणून ओरडायचे, की नेमकं मैद्याचं माप हुकायचं.”

“मग तू अंदाजपंचे काहीतरी ठोकून द्यायचीस. एकदा तर वीस अंडी लिहिलीस!”

“कुणाला कळलं? घरात ओव्हन होता कुठे?”

“तरी आई प्रत्येक पानाखाली लिहायची, ‘सवडीने करून पाहणे’.”

“आता ओव्हनही आहे आणि सवडही.”

“पर्समध्ये दोन पेनं आहेत का गं?”

“अगं, मोबाइलवर सगळं मिळतं.”

“माहितेय. तू प्रमाण लिही.”

दोघी आपापल्या फायलीच्या पाठीवर लिहू लागल्या. शेफनं अंडी फेटायला घेतली.

“ताई, कृती कोण लिहितंय?”

“कृती आईकडे असायची.”