मुठीखालचं नाव

मंडळी, सावरून बसा आणि एका प्रश्नाचं उत्तर मनाशी द्या. माणसानं आपलं नाव लिहावं कुठं? चारचौघांना दिसेल तिथं, असंच ना? अहो, देवळाच्या पायरीवरसुद्धा नाव! भक्त डोकं टेकायला वाकला, की आधी तुम्हाला वाचणार, मग देवाला बघणार!

तर ऐका. सर्जेराव म्हणून एक गृहस्थ. त्यांच्या घरी एक तलवार — साधीसुधी नव्हे, जपानी! आजोबा पलटणीत होते, त्यांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेली. सर्जेरावांना मूलबाळ नाही. आपल्यामागं नाव राहावं, एवढीच ओढ. म्हणून तलवार संग्रहालयाला द्यायची ठरवली — पण पात्यावर सोन्यात स्वतःचं नाव कोरून! सोनार कोरणी घेऊन ओसरीवर हजर. तेवढ्यात संग्रहालयाच्या ओगलेबाई तलवार पारखायला आल्या.

बाईंनी पहिल्यांदा काय केलं? तोंडात रुमाल धरला! श्वासाची वाफ पात्यावर पडली तर गंज चढतो म्हणे. म्हणजे बोलणं बंद! (असा रुमाल मला द्यावा, असं कुणाकुणाच्या मनात आलं ते दिसतंय मला!)

बाईंनी पातं उन्हाकडे धरलं, आणि धारेच्या कडेनं पोलादातलीच, धुक्यासारखी एक पांढुरकी लाट उमटली. सर्जेराव जन्मभर दर दसऱ्याला ती तलवार पुजत होते — पण ती लाट त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली!

मग बाईंनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली. मूठ सुटली. आत काळाकुट्ट गंज. सर्जेराव ओशाळले. "चिंच लावून आत्ता लख्ख करतो, बाई."

बाईंनी रुमाल काढला. "हात लावू नका. हा गंजच हिचं वय सांगतो. चारशे वर्षं. आणि ही अक्षरं बघा, घडवणाऱ्याचं नाव आहे."

"इथं? मुठीखाली कुणाला दिसणार?"

"कुणालाच नाही. तिथल्या कारागिरांची रीतच तशी."

सर्जेरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं अचाट काम — आणि नाव अंधारात! त्यांनी त्या गंजापुढं हात जोडले. मग सोनाराला म्हणाले, "चहा घ्या, आणि कोरणी पिशवीत ठेवा."

बाईंनी कागद काढला. "देणाऱ्याचं नाव काय लिहू?"

सर्जेरावांनी सुटलेली मूठ बाईंच्या हाती दिली. मग म्हणाले, "एका सैनिकाच्या घरातून आली, एवढंच लिहा."

मंडळी, सर्जेराव हे नावही मीच ठेवलेलं बरं का! खरं सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय त्यांनी मला.

आणि ही माझ्या हातातली चिठ्ठी. मंडपाच्या देणगीदारांची नावं, शेवटी मोठ्यानं वाचा म्हणून दिलेली. बाहेरच्या फलकावर हाताएवढ्या अक्षरांत माझं, कीर्तनकाराचं, नाव आहे, तो फलक मी आधी खाली उतरवतो. मग तुम्ही सांगा — ही वाचू, की विठोबाच्या विटेखाली सरकवू?