तिसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग

वाऱ्यानेच मॅडम, दुसरं काय — आरे-वारेच्या किनाऱ्यावरचा वारा हाय तो, तुमच्या मुंबईच्या एसी हॉलातला नाय. ड्रमच्या माईकमध्ये शिरला, आवाज खाल्लान, संपला विषय. एवढ्यासाठी तुम्ही रत्नागिरीला आलात? फोन करायचात की — "बाबल्या, तिसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगात ड्रम का नाय?" — "वारा." अर्ध्या मिनिटाचं काम. बसा त्या बॉक्सवर, बासचा हाय, माणूस बसला तर काय होत नाय त्याला. मी वायरी ओढता ओढता बोलतो. चारला इथे हळद हाय, आणि नवऱ्याच्या मामाला आत्तापासून नाचायचंय. — पहिले दोन दिवस वारा नव्हता का? असं विचारताय होय. होता. पण... जरा कमी होता.

हे बघा, मला त्यातलं काय कळत नाय, ते आधीच सांगतो. रिसॉर्टवर तीन दिवस जॅझ! तीन माणसं — पियानोवर आमचा स्वरूप, दुसरा ते कपाटाएवढं व्हायोलिन कवटाळून उभा, आणि तिसरा तो रितेश, ड्रमवाला. गाणारा कोण नाय. मला वाटलं उशिरा येणार असेल, पहिल्या दिवशी अर्धा तास गायकाचा माईक उभा करून ठेवलेला मी. मंग मधेच पियानो थांबला — मी धावलो, म्हटलं लाईन गेली — तर लोक टाळ्या वाजवतायत. का? तर आता कपाटाची पाळी! आणि ते ऐकणारे — रिसॉर्टवर उतरलेले, समोर तळलेली कोळंबी, डोळे मिटून माना हलवतायत. एकाची मान ठेक्यात नाय. एकाची! मी मागे मिक्सरच्या टेबलावर असतो ना, मला सगळ्या माना दिसतात. आणि तो रितेश — काठ्या ठेवून झाडू काढलान. तारांचा झाडू! ड्रम पुसत बसला. आमच्याकडे गणपतीच्या आधी माळा झाडतात, त्याला पण जास्त आवाज होतो.

ठेका? छे हो, मला कुठला ठेका कळतोय. नऊ वर्षं जाखडीत ढोलकी वाजवली, तेवढंच. गोलात नाचणारे, मधे शाहीर, त्याच्या बाजूला ढोलकी आणि पेटी. पेटीवर कोण? स्वरूप. हा तुमचा स्वरूप! तेव्हा त्याने पियानो बघितलेला पण नव्हतान. पेटीवर असा भरकटायचा की नाचणाऱ्यांचे पाय अडकायचे, शाहीर डोळे वटारायचा — आणि मी त्याला धरून समेवर आणून ठेवायचो. दर वेळी. "बाबल्या," म्हणायचा, "तू हायस म्हणून मी भरकटतो." मुंबईला निघाला तेव्हा एसटीच्या खिडकीतनं म्हणाला, "जम बसला की तुला बोलावतो." सव्वीस वर्षं झाली, जम बसतोय अजून. — बोलावलंन ना, बोलावलंन! ह्या जानेवारीत. माईक लावायला.

तरी दोन दिवस मी इमानदारीत काम केलं, ऐकलंत तुम्ही, ड्रमचा झाडू पण स्वच्छ आलाय. तिसऱ्या दिवशी त्याने लोकांना ओळख करून दिलीन — "हा रितेश. असा ठेका मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिला नाही." आयुष्यात! मी पंधरा पावलांवर, हातात वायर. मंग काय मॅडम, हात गेला. ड्रमचं बटण जरासं खाली. मंग अजून जरासं. समोरच्यांना ऐकू जातच होतं, ड्रमला कुठे स्पीकर लागतो — फक्त मशीनमध्ये गेला नाय. आणि नेमका त्याच दिवशी स्वरूपने जीव ओतलान, आता तोच दिवस तुम्हाला अल्बम म्हणून छापायचाय, त्याला मी काय करू? — हां, नव्हता वारा. झालं समाधान?

अजून काय? टकटक? कसली टकटक? नाय, माझ्या मशीनमध्ये असलं काय नसतं — द्या बघू तो हेडफोन.

...

हे माझं टेबल हाय. अनाउन्सचा माईक, मॅडम. लग्न असो, नमन असो, माझ्या टेबलावर एक माईक कायम चालू — "गेटजवळ गाडी आडवी लावलीय ती काढा", "मृणाली नावाची मुलगी स्टेजपाशी रडतेय" — स्पीकरला मी बोलतानाच सोडतो, पण मशीनला तो बंद करायचं डोक्यातच येत नाय, सवय ती. आणि हेडफोनात ड्रम नाय, नुसता पियानो, असा एकटा भरकटत चाललेला — बोटं गप बसतात होय? हे इथे ऐका, इथे तो निसटला... आता गेला, गेला... आणि ही सम! बघितलंत? त्याला मी ऐकू पण जात नव्हतो, तरी कुठे येणार ते मला ठाऊक. मघाशी थट्टा केली मी, पण फार चांगलं वाजवलंन हो त्याने. मला रडायला आलं तिथे टेबलावर. वाजवताना मी पण त्याच्याबरोबर बसलेलो, आणि वाईट एवढंच वाटत होतं की संपेल.

तरीच! त्याने ऐकलंन ना हे? म्हणून तुम्हाला पाठवलंन. पहिल्या ठोक्याला ओळखलंन असणार, नऊ वर्षं हाच हात होता त्याच्या कानाशी. काय म्हणाला? सांगा की — शिवी घातलीन तरी चालेल, त्याच्या शिव्या मला नव्या नायत. सांगा हो.

कोण?

वेटर? "रिसॉर्टचा कोणतरी वेटर टेबल बडवतोय, तेवढं काढून टाका" — असं म्हणाला?

हां. — नाय, बरोबर हाय त्याचं. वेटरच होता. आत्ता आठवलं, टेबलाशी येऊन उभा राहिलेला, मीच हाकललं मंग त्याला. मी मघापासून आपली गंमत करत होतो तुमची. त्याला काय सांगू नका. काढून टाका खुशाल, वेगळ्या लाईनवर हाय ते, पियानोला धक्का पण लागणार नाय. उठा आता, तो बॉक्स उचलायचाय मला. — हॅलो. हॅलो, चेक. — गेटजवळ एक पांढरी गाडी आडवी लावलीय... तुमचीच ना मॅडम? काढा ती.