खोली खाली करा

बाळांनो, धाराशिवच्या खोल्या आता तुमच्या नावावर झाल्या, आणि परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, भाड्याच्या घराची निगा कशी राखायची, म्हणून आजच सांगायला बसले. मला आता लिहवत नाही, मी बोलते आणि तुमची काकू लिहून घेते.

मी मूळची सोलापूरची, इंग्रजी शाळेत मॅट्रिक झालेली. लग्न होऊन धाराशिवला आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तहसिलीत उर्दूत लिहिण्यात मुरलेले, घरातही बोलणं तसंच. अंगणाच्या कडेला भाड्याच्या खोल्या, वर मातीचं माळवद. माळवद म्हणजे काय सांगू तुम्हाला, सपाट धाबं, त्याला दरवर्षी पावसाआधी पांढरी माती लागते. आधी गवत मुळासकट उपटायचं, मग माती पाणी बाहेर पडतं त्या पन्हाळाकडं उतार देऊन चोपायची, आणि पन्हाळात चिमणीचं घरटं नाही ना ते हात घालून बघायचं, निम्मी गळती तिथूनच.

पुढं आपला भाग मुंबई राज्यात गेला आणि साताऱ्याकडचे कारकून बदलून येऊ लागले. त्यातला एक आमच्याकडं बिऱ्हाड करून राहिला. बायको सुमन, दिवस भरत आलेले, माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलेलं, सुईणही सांगून ठेवलेली. त्यांची चूल होती तिथंच छत गळायचं. मामंजींनी अंगणातूनच हाक मारून सांगितलं, अहो कारकूनसाहेब, रविवारी खोली खाली करा, मरम्मत करायची आहे.

त्यानंतर सुमन आडावर यायची बंद झाली. मला वाटलं, अवघडलेली आहे, पडून असेल.

रविवारी सकाळी दारात टांगा, टांग्यात ट्रंक, वळकटी, स्टोव्ह. मी म्हटलं, सुमन, अगं कुठं निघालीस या अंगानं. ती म्हणाली, हे नेतील तिकडं. तेवढ्यात मामंजी आले, मागं माती लादलेली गाढवं. कारकून त्यांना म्हणाला, खोली सोडतो आम्ही, पण मरम्मत करीन ही भाषा बरी नव्हे, आमचं काय चुकलं ते तरी सांगा. मामंजी म्हणाले, चुकलं कुठं, छत गळतंय, त्याची मरम्मत करायची.

मग माझ्या ध्यानात आलं. साताऱ्याकडं मरम्मत करणं म्हणजे मार देणं, आणि खोली खाली करणं म्हणजे कायमची सोडणं. मामंजींना म्हणायचं होतं, सामान बाजूला काढा, दुरुस्ती करायची आहे. मी दोघांना दोघांचं बोलणं उलगडून सांगितलं. मामंजी खालीच बसले. म्हणाले, म्हणजे इतके दिवस ही पोर मला मारकुटा समजत होती? सुमन म्हणाली, माराचं नाही वाटलं मामा, बाळ कुठं ठेवू तेवढंच वाटत होतं.

टांगेवाला म्हणाला, मग म्या काय करू मालक, घोडं वळवू का? मामंजी म्हणाले, वळवतोस कुठं, आधी ट्रंक उतरव, आमच्या माजघरात ने. माळवद होईपर्यंत ती दोघं आमच्याच माजघरात राहिली आणि सुमन मग आपल्या खोलीत बाळंत झाली, मुलगी झाली.

तेव्हापासून मामंजी अंगणातून हाक मारीनात. बिऱ्हाडाच्या उंबऱ्याशी बसायचे, काय काढणार, सामान कुठं ठेवायचं, चूल कुठं मांडायची, सगळं सांगायचे, आणि मग विचारायचे, काय समजलात ते सांगा बघू. ऐकून घेतल्याशिवाय उठत नसत. तुम्हीही फोनवर असंच विचारा. चुना दिवाळीआधी द्या, कोरड्या भिंतीलाच द्या, दाराच्या खालच्या फळीला तेल पाजा, वाळवी तिथूनच चढते. पण आधी बिऱ्हाडाशी बोला.

सुखी राहा, बाळांनो. पुढच्या खोल्या रस्ता रुंद करताना गेल्या. सुमनची खोली आहे, माळवद काढून त्यावर पत्रा घातला आहे, आणि आत बिऱ्हाड आहे.