आबा, तुम्ही बसा

थांबा, थांबा डॉक्टर — पाय सोडा तिचा. ओढू नका अजून. जरा इकडे या, दवाखान्याच्या ओटीवर — या म्हणतो ना, पोर काही पळून जात नाही, मांडीचं हाड मोडलंय तिचं. दार असंच अर्धं राहू दे, मी तिला दिसलो पाहिजे. आवाज मात्र खाली ठेवा. केसरचे कान तिखट आहेत. हाडं तेवढी कच्ची, बाकी सगळं तिखट.

आता ऐका. तुम्ही म्हणालात, पोर रडत नाही म्हणजे फार दुखत नाही — दोन मिनिटांत ओढून फळीला बांधून टाकतो, एवढ्याला गुंगीची सुई कशाला. म्हणालात ना? तिथंच तुमचं चुकलं. रागावू नका. मी गुणाजी तांडेल, गलबतावर जन्म गेला, मला गोड बोलता येत नाही. शाळेतही नाही शिकलो — मास्तरांनी पहिल्याच दिवशी छडी उचलली, मी उठलो आणि बापाच्या होडीत जाऊन बसलो, तो अजून बसलोय. पण मी चूक म्हणतो तेव्हा ती चूक असते. म्हणजे — बऱ्याचदा असते.

नाही, मारलं नाही तिला. तेच विचारायचं होतं ना मघापासून? विचारा. सगळे विचारतात. माझं तोंडच तसं, ह्या मिशा बघितल्या की माणूस लगेच माझ्या हातांकडे बघतो. खलाशांना दिल्यात मी, खोटं कशाला बोलू — दादू म्हणून एक आहे, त्याच्या कानात अजून शिट्टी वाजते म्हणतो. पण पोरीला? अहो, तिच्या डोळ्यात कुसळ गेलं तर फुंकर मारायला मी बहिणीला हाक मारतो. हाडं जन्मापासूनच तशी. तिची आई, माझी राही, त्या बाळंतपणातून उठली नाही, आणि पोर आली ती हात मोडूनच आली. डोळ्यांचं पांढरं बघितलंत? निळसर आहे. लोक म्हणतात तांडेलाची पोर, दर्या उतरलाय डोळ्यांत. कृष्णाबाई — माझी थोरली बहीण, घर तीच बघते — ती म्हणते, "दर्या कसला, शेवग्याची फांदी हाय ती, वाऱ्यानं मोडंल." काल पाटावरून उठली, मांजर हाकलायला मागं वळली, आणि कडकन. बस. मांजर जागचं हललंसुद्धा नाही.

तर सुईचं. तुमच्या आधी होते ते डॉक्टर, बदलून गेले — ते आधी सुई टोचायचे, पोर पेंगुळली की मगच हाडाला हात लावायचे. मी बघितलं नाही, कृष्णाबाई सांगायची. कारण पोरीला इथं आणायची ती. मी नाही. मी कुठे असायचो? समुद्रावर. भरती बघावी लागते, माल पोचवावा लागतो — असं मी सांगायचो. आगबोटी आणि मोटारी झाल्यापासून माझ्या शिडाला विचारतो कोण? गलबत चिखलात उभं आहे, खेकड्यांनी बिऱ्हाड केलंय त्यात. तरी पोरीचं हाड मोडलं रे मोडलं की मला मुंबईचा माल आठवायचा. आज कृष्णाबाई तापानं फणफणलीय, म्हणून मी. होडीनं आणली, पेंढा पसरून त्यावर शीड घडी करून. चौलकडचा गाडीरस्ता बघितलाय ना? गाडीनं आणली तर निघताना एक हाड मोडलेलं, पोचताना दोन — झालंय तसं मागे.

का आणत नव्हतो? सांगतो. घाई आहे माहीत आहे, बाकावर माणसं खोळंबलीत. खोळंबू देत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गावाला माहीत आहे, ती गोष्ट वेगळी.

केसर लहान होती, नुकती चुरूचुरू बोलायला लागलेली. अंगणात बोंबील सुकून ढीग करून ठेवले होते. ती खाटेवरून उतरायला गेली — पडलीही नाही हो, नुसती टेकली — आणि खांद्याचं हाड गेलं. ओरडली, डॉक्टर. अशी ओरडली — जाऊ दे. मी ओटीवर जाळं विणत होतो. उठलो, दोन पावलं टाकली, आणि पुढचं मला लोकांनी सांगितलं. मी बोंबलांच्या ढिगात. पालथा. ज्यानं वादळात रात्रभर सुकाणू सोडलं नाही तो गुणाजी तांडेल — रात्रभर नाही, पण बराच वेळ — तो पोरीच्या एका किंकाळीनं आडवा! आणि सगळी आळी धावली. कुणाकडे? माझ्याकडे! कुणी तोंडावर पाणी मारतंय, कुणी कांदा फोडून नाकाला लावतंय, रघू न्हावी माझ्या मिशीतून बोंबील वेचतोय — आणि जिचं हाड मोडलं ती पोर तिकडे खाटेशी एकटी. मी डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघत होती. रडणं थांबलेलं. हात लोंबतोय. म्हणते, "आबा, मेलात का?" मी म्हटलं, "न्हाय ग, बोंबलावरनं पाय सरकला." सगळे हसले. तीही हसली. तिला ते पटलं असं मी धरून चाललो. बापाला वाटतंच तसं, पोराला काही कळत नाही म्हणून.

त्यानंतर माझ्यासमोर रडली नाही ती. कधीच नाही. कृष्णाबाईच्या मांडीवर गाव गोळा करते, मी उंबऱ्यात आलो की गप्प. आणि मला काय वाटायचं सांगू? माझ्यावर गेलीय! तांडेलाचं रक्त! माडीच्या दुकानात चारचौघांत सांगायचो, मिशीला पीळ देऊन — "हाड मोडलं तरी आमची केसर हूं की चूं करायची न्हाय." माडी मला चढायची, पण बढाई आधी चढायची. शेवटी कृष्णाबाईनंच झाडलं. म्हणाली, "गुण्या, ती धीराची म्हणून गप्प न्हाय, तू पडशील म्हणून गप्प हाय. एवढीशी पोर तुला सांभाळते, आन् तू मिशा पिळतोस? भादर त्या." भादरल्या नाहीत. दुसरं काही उरलंच नव्हतं तोंडावर.

आता आज आल्यावर ती काय म्हणाली, आठवा. तुम्ही तिला टेबलावर घेतलंत, पाय जरा हलला, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, तुम्ही बसा." तुम्ही काय म्हणालात? पोर गुणी आहे, बापाची काळजी करते. अहो, गुणी नाही! ओरड तोंडाशी आली होती तिच्या. उभा माणूस पडला तर डोकं फुटतं, बसलेला पडला तर थोडक्यात निभावतं — एवढं तिनं माझ्यावरूनच शिकून ठेवलंय. ती बसा म्हणाली की समजायचं, सोसवत नाही. हसून म्हणाली तर मुळीच नाही. आणि ती हसली मघाशी. तुम्हाला दात दिसले, बरं वाटलं. पायाची बोटं बघितलीत? मुठीसारखी वळलीत. सगळं अंग आवळून धरलंय तिनं, आणि असं आवळलेलं असताना तुम्ही पाय ओढणार — मागे एकदा नुसती ओरड दाबताना बरगडी गेलीय तिची.

सवय लागेल? सुईची सवय लागेल म्हणता, आणि दुखण्याची लागलीय ती चालते तुम्हाला? — काही नाही ग, केसर! डॉक्टरांना भरतीची वेळ सांगतोय! — बघितलंत? आवाज चढला की मान वर करते. माझा रंग बघते, पांढरा पडलाय का.

औषध थोडं आहे, मोठ्या माणसांना लागतं — असेल. कपाट तुमचं, चावी तुमची. मी भांडायला आलो नाही. म्हणजे, त्यासाठीच आलो होतो. होडीत सगळं ठरवलं होतं, टेबलावर हात आपटायचा, वरच्या साहेबाचं नाव घ्यायचं. वरचा साहेब कोण हेच माहीत नाही, तिथं घोटाळा झाला. आता हे बघा, हात जोडले. बंदरावरच्या गोऱ्यालाही जोडले नव्हते. मोठ्या माणसाचं काय हो, मोठा माणूस बोंब मारून मागून घेतो. ही मागणार नाही. मी समोर असेपर्यंत मेली तरी मागणार नाही.

मी समोर असेपर्यंत. — हां. थांबा, मग मी जातोच. तुम्ही आत जा. पायाला बोट लावू नका, मी दिसेनासा झालो की नुसतं विचारा — आबा गेले, आता सांग. एवढंच. मग जे ऐकाल त्याला काय द्यायचं ते तुम्ही शिकलाय. मी असा विहिरीपलीकडे जातो, आवाज पोचणार नाही तिथं. चला.

केसर! होडीचा दोर सुटतोय का बघून येतो ग! डॉक्टर विचारतील ते सांग!

*

आलात बाहेर? मी इथंच आहे, भिंतीमागे. विहिरीकडे गेलो नाही. निघालो होतो, पाय निघाले नाहीत.

ऐकलंत ना? मीही ऐकलं. आईला हाक मारत होती. बघितली तरी आहे का तिनं आई? — मग उभे काय राहिलात? चावी हातात घेतलीत ना, मग कपाट उघडा. मला काय धरताय? सोडा. घाम आहे नुसता. भिंतीला टेकलोय मी, भिंत सरकारी आहे, पक्की आहे. पडलो तर पडलो, बाकावरची माणसं उचलतील, त्यांचाही वेळ जाईल. माझ्याकडे बघू नका हो. आधी ती. आत जा — जा म्हणतो ना —