जीपमधून आणलेले सर

कोडिंग मले कोणी शिकवलं म्हणता, तं एका सरनं. अन् त्या सरले मी दर आठवड्याले दारव्ह्यावरून जीपमध्ये घेऊन येत होतो.

आमच्या गावात तवा नेट चालत नव्हतं. मंग बाजाराच्या दिवशी दारव्ह्याले मित्राच्या दुकानात बसायचं, त्या सरचे फुकटचे व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे अन् आठवडाभर घरी पाहायचे. सरचा चेहरा आता आठवत नाही, आवाज मात्र पाठ आहे.

आई बाजूले तुरीची डाळ निवडत बसे. लूप, म्हणजे कोडची तीच ओळ पुन्हा पुन्हा चालवणं, ते माह्या डोक्यात शिरत नव्हतं, म्हणून तोच तुकडा मी मागं घेऊन घेऊन ऐकत होतो. एक दिवस आई म्हणे, "किती गुणाचा मास्तर आहे बापा. तेच तेच सांगून राह्यला, पण आवाज चढवत नाही."

"आई, तो व्हिडिओ आहे. मीच मागं घेतो."

"मंग घे ना, समजेपर्यंत घे."

आता पुण्यात नोकरी आहे, अन् अर्धा कोड एआयच लिहून देते. परवा गावी गेलतो. तिथं बसून काम करत होतो, तं एआयनं सांगूनही तीच चूक पुन्हा केली. मी लॅपटॉपवरच खेकसलो.

आई म्हणे, "सर बदलले वाटते."

"हा सर नाही आई, हा माह्या हाताखाली काम करते. पण कितीही सांगा, याले समजतच नाही."

आईनं हातातलं डाळीचं सूप खाली ठेवलं.

"तुले समजत नव्हतं, तवा ते सर चिडले होते काय?"