झाकणाच्या आतला मासा

मी मूळचा बाळकुमचा. आता तिकडे गेलात तर तुम्हाला बिल्डिंगाच दिसतील, पण माझ्या लहानपणी नुसती खाडी आणि खाडीच्या कडेला आमची घरं, सगळे कोळी. बाप होडीवर, मोठा भाऊ होडीवर, मीच एक असा निघालो की चार वर्षांचा असताना ताप आला आणि डावा पाय बारीक राहिला. एका पायाचा माणूस होडीत काय कामाचा? बाप बोलला, याला बसून करायचं काहीतरी शिकवा. मग आयने मला ठाण्याला इस्माईलचाचांच्या घड्याळाच्या दुकानात नेऊन बसवलं. जाताना पाटीत चार मोठी चिंबोरी घेऊन गेलेली चाचांसाठी, तीच माझी फी समजा.

चाचा म्हणजे काय सांगू तुम्हाला, हाताने सोनं पण तोंडाने आग. स्क्रू वाकडा बसला की डोक्यात टपली. पण शिकवलं मनापासून. बोलायचे, विकणारा घड्याळाचं तोंड दाखवतो, आपण पोट बघायचं. आणि एक रीत शिकवली, ती बाहेरच्या माणसाला माहीत नसते. घड्याळ उघडून साफ केलं, तेल दिलं, की झाकण लावायच्या आधी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण कोरायची, बारीक, आयग्लास, म्हणजे आमचं डोळ्याला लावायचं भिंग, लावल्याशिवाय दिसणार नाही इतकी, आणि बाजूला महिना नि साल. मालकाला ती कधी दिसत नाही. पुढे जो कोणी कारागीर उघडेल त्याला कळतं की आपल्या आधी कोण येऊन गेलं. कोणी अक्षर काढतो, कोणी चांदणी. मी मासा काढायचो. दोन वाकड्या रेघा, शेपटीकडे एकमेकींवर गेलेल्या, झाला मासा.

आमची आय वर्तकनगरला मासळी विकायची. घरोघर. तिची घरं ठरलेली, कोणाला कोलंबी लागते, कोणाला बोईट, सगळं तिला पाठ. त्यात एका साहेबांच्या घरी तर ती थेट स्वयंपाकघरात जाऊन मासे साफ करून द्यायची, बाई चहा द्यायच्या, दोघी गप्पा मारत बसायच्या. तर त्या बाईंना आयने सांगितलं की माझा पोरगा घड्याळं करतो. आय काय, जिथे तिथे माझंच. आणि साहेबांचं घड्याळ बंद पडलेलं, तर बाईंनी ते रुमालात बांधून आयच्याच हाती पाठवलं. बघा विश्वास किती.

हे ८४ सालचं. मी उघडलं आणि खरं सांगतो, श्वास थांबला. स्विस घड्याळ, चावीवालं, साहेबांच्या मोठ्या भावाने परदेशातून आणलेलं. तसलं मशीन मी तोपर्यंत फक्त चाचांच्या तोंडून ऐकलेलं. एकेक चाक असं चकचकीत घासलेलं, जिथे कोणी बघणार नाही तिथेसुद्धा नक्षी. दोन दिवस काम केलं, जेवण सुचत नव्हतं. मासा कोरला, साल घातलं, आणि घरी येऊन आयला बोललो, आय, तुला ठाव आहे का हे काय आहे, याच्या किमतीत आपल्याला बाळकुमला अजून एक खोली येईल. माझे डोळे असे झालेले, दहा वेळा तेच बोललो असेन. मेल्या, तोंड कशाला उघडलंस! अजून माझ्या मनात येतं.

कारण आय भोळी. तिने घड्याळ परत देताना बाईंना जसंच्या तसं सांगितलं, बाई, जपून ठेवा हो, माझा पोर बोलतो याच्यात एक खोली येल. त्यांना पण तोवर माहीत नव्हतं एवढं. आणि त्यानंतर तीन-चार आठवडे झाले नसतील, घड्याळ गेलं.

आता तुम्हीच सांगा, नाव कोणाचं येणार? किंमत कोणाला माहीत, कोळणीला. आत कोण येतं, कोळीण. आणि विकणार कोण, तिचा पोरगा, घड्याळवाला. सगळं कसं फिट्ट बसलं. साहेबांनी पोलीस बोलावला. आयला चौकीत दिवसभर बसवलं, मासळीची पाटी बाजूला, भर उन्हाचे दिवस, मासळी नासली, आणि त्या वासावरून पण चार शब्द ऐकवले तिला. चाचांच्या दुकानाची झडती घेतली. चाचा मध्ये उभे राहिले, बोलले, मेरा लडका है, हात लगाया तो देखो. काही सापडलं नाही, सापडणार कुठून, शेवटी आयला नि मला सोडलं. पण मी चौकीत पोचलो तेव्हा आय साहेबांचे पाय धरून एकच बोलत होती, माजे पोराचं नाव घेव नका, मना काय ते करा. माजे पोराचं नाव घेव नका.

मला तेव्हा वाटलं, आईची माया.

मग काय, पूर्ण कॉलनी बंद झाली तिला. जिन्यात पाटी उतरू देईनात. वीस वर्षांची घरं, एका आठवड्यात. तिने पाटीच सोडली, घरी बसून भावाची जाळी शिवायला लागली. मला पण ठाण्यात नको झालं, गिऱ्हाईक घड्याळ देताना दोनदा विचार करायचं. चाचांनीच डोंबिवलीला एका फोटो स्टुडिओच्या दारात टेबल लावून दिलं, पुढे लग्न झालं, तिकडेच खोली घेतली.

धंदा बरा चालला. दर दिवाळीला मी आयला लुगडं न्यायचो. ती घ्यायची, डोळ्याला लावायची, बस. पैसे दिले तर भावाच्या बायकोच्या हातात ठेवायची. माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण ते घड्याळ, त्याबद्दल एक अक्षर नाही. कधीच नाही. मी पण काढलं नाही. मला वाटायचं माझ्या तोंडामुळे झालं म्हणून राग आहे.

आता एक सांगतो. पाचेक वर्षांनी एकदा ती देवळात गेलेली, घरात कोणी नव्हतं, आणि मी तिची पेटी उघडली. का उघडली? कारण माझ्या मनात किडा होता. साहेबांचे पाय ती का धरत होती, माझं नाव घेऊ नका असं का बोलत होती, असं चोरासारखं? खोली येईल असं मी बोललो तेव्हा तिचे पण डोळे चमकलेले की, मी बघितलेले. माणसाचं मन किती घाणेरडं असतं बघा. स्वतःची आय! पेटीत घड्याळ नव्हतं. माझी लुगडी होती, पाचच्या पाच, घडी न मोडलेली, दुकानाच्या कागदासकट. मी पेटी लावली आणि न जेवता डोंबिवलीला आलो.

नव्वदनंतर तसल्या जुन्या स्विस घड्याळांचा शौक आला लोकांना. आणि शौकाबरोबर लबाडी. वरून एक, आत भलतंच मशीन. तोपर्यंत माझं नाव झालेलं, कोणी जुनं घड्याळ घ्यायचं तर आधी माझ्याकडे आणायचे, मी असली बोललो तर असली. एकदा बँकेतले जोशी आले, माझे नेहमीचे, पन्नाशी आलेली, बोलले आयुष्यात एक चांगलं घड्याळ घालायचं आहे, बघा हे. बरोबर विकणारा, तिशीच्या आतबाहेर, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. बोलला, वडिलांचं आहे, आई-वडील दोघे गेले, घर रिकामं करतोय.

मी घड्याळ घेतलं. आधी कानाला लावलं. मग डायल, आयग्लासखाली. रंगवलेल्या डायलची अक्षरं सुजल्यासारखी दिसतात, ही कशी सुरीने कापल्यासारखी. चावीवर कंपनीचं चिन्ह, बरोबर. पट्ट्याच्या खाचेतला नंबर बारीक, बरोबर. मग झाकण फिरवून काढलं. मशीन बघितलं आणि हाताला ओळख पटली आधी, डोळ्याला नंतर. झाकण उताणं केलं. मासा. माझा मासा, आणि बाजूला ८४.

काय सांगू तुम्हाला, बारा वर्षं. जोशी विचारतात, काय हो, असली आहे ना? आणि माझ्या तोंडात शब्द तयार, डुप्लिकेट. एक शब्द, की त्या पोराला कवडी मिळाली नसती, जोशी माझ्या शब्दाबाहेर नव्हते. जिभेवर आलेलं. पण मशीन समोर उघडं होतं हो, कसं टिकटिकत होतं, त्याला खोटं कसं बोलू? बोललो, अस्सल आहे, कुठे हात लागलेला नाही, एकदा सर्व्हिसिंग झालंय ते मीच केलंय. मग त्या पोराकडे बघितलं. बोललो, तुम्ही वर्तकनगरचे. हे घड्याळ चोरीला गेलेलं ना?

त्याचं तोंड पांढरं पडलं. मग हळूहळू बोलला. चोरी नव्हती झाली. साहेब एका लग्नाला गेलेले, पट्टा तुटला म्हणून घड्याळ कोटाच्या आतल्या खिशात टाकलं, कोट डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत गेला. पुढच्या लग्नाला कोट काढला तेव्हा सापडलं, वर्षभराने. बाई रडल्या, बोलल्या, कोळीणमावशीला बोलवा. साहेब बोलले, आता कोणत्या तोंडाने, राहू दे. आणि कपाटात टाकलं. घातलं कोणीच नाही.

मी ओरडलो. भर रस्त्यात ओरडलो, फोटो काढायला आलेले लोक बघायला लागले. वर्षभराने सापडलं आणि माझी आय बारा वर्षं जाळी शिवते? तुमच्या घरातला एक माणूस, एकदा बाळकुमला येऊ शकला नाही? जोशी बिचारे पाणी आणायला धावले. मग मी बोललो, घड्याळ तुम्ही विका, मला त्यातलं काही नको, पण आत्ता माझ्याबरोबर चला आणि माझ्या आयला तुमच्या तोंडाने सांगा. त्याच्या मनाचं मोठेपण म्हणा, तो आला.

आय ओट्यावर जाळं घेऊन बसलेली. बाजूच्या दोन बायका होत्या, मी बोललो, बसा, तुम्ही पण ऐका. पोराने सगळं सांगितलं, कोट, ट्रंक, सगळं, शेवटी तिच्या पायाला हात लावला. मला वाटलं आता आय त्याला शिव्या घालेल, आमच्या कोळणीचं तोंड माहीत आहे ना तुम्हाला! पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. बोलली, मंग पोरा, तू नाय नेलंस?

मला कळायलाच वेळ लागला. आय बारा वर्षं समजत होती की मी नेलं. तिने घड्याळ परत न्यायच्या आधी माझे डोळे बघितलेले ना, खोली येईल बोलताना. तिला वाटलं, मी मागाहून काहीतरी केलं, कोणाला पाठवलं. म्हणून साहेबांचे पाय धरले. म्हणून माझी लुगडी कधी नेसली नाही, चोरीच्या पैशाची म्हणून. माझ्यासाठी चोर झाली, आणि मला चोर समजून वाढत होती, तेच ताट, तेच कालवण.

मी बोललो, नाही ग आय, नाही नेलं. ती रडायला लागली, माझ्या तोंडावरून हात फिरवायला लागली, मना माफ कर बोलली, मी माजे पोरावर संशय घेतला, मना देव माफ नाय करनार. आणि मी तिला माफ केलं. म्हणजे बोललो तसं, असू दे आय, असू दे. पेटीचं बोललो नाही. त्या वेळी बोलायला पाहिजे होतं, तोंडापर्यंत आलेलं, की तू एकटी नाहीस, मी पण तुझी पेटी उघडलेली. नाही बोललो. ती दोन्ही हात जोडून बसलेली माझ्यापुढे, आणि मी मोठा साव बनून बसलो.

घड्याळ जोशींनी घेतलं. दर दोन वर्षांनी आणतात, आत आता तीन मासे झालेत. तो पोरगा मध्ये एकदा आयला भेटून गेला, मिठाई घेऊन, आयने त्याला सुकट बांधून दिली.

आय आहे अजून, ऐकू कमी येतं. लुगडी नेसते आता. पहिली दोन घडीवरच फाटलेली निघाली, इतकी वर्षं पडून, तिने ती शिवून घेतली आणि नेसली. मी गेलो की मुद्दाम त्यातलंच एखादं नेसून ओट्यावर बसते, मला दिसावं म्हणून. मला ते बघवत नाही. तुम्ही लिहून घेताय म्हणून बोललो हे सगळं. तिला वाचता येत नाही. चला, तुमचं घड्याळ झालं, चावी रोज एकाच वेळेला द्या, सकाळी. चालेल पुष्कळ वर्षं. देव तुमचं भलं करो.